क्लच अडकला? आधी कारण सांगा, मग गिअरबॉक्स उतरवा

पिकअपचा क्लच अडकतो म्हणजे नेमकं काय होतं, हे कुणी विचारायच्या आत गिअरबॉक्स खाली आलेला असतो. ड्रायव्हर म्हणतो, ‘क्लचला काहीतरी झालंय.’ मेस्त्री म्हणतो, ‘सेट गेला.’ संध्याकाळपर्यंत नवी क्लच प्लेट, नवी प्रेशर प्लेट, नवं रिलीज बेअरिंग बसतं आणि काही हजारांचं बिल हातात पडतं. तंजावरात हे मी वर्षानुवर्षं बघतो आहे, आणि गावी गेलो की विट्याच्या रस्त्यावरही तेच बघतो. ‘काहीतरी झालंय’ आणि ‘सेट गेला’ या दोन वाक्यांच्या मधे एक आख्खं काम असतं. ते काम म्हणजे बघणं, तपासणं, कारण शोधणं. ते होत नाही, कारण त्याचे पैसे द्यायची आपली तयारी नसते. मेस्त्रीला दोष देण्याआधी गाडीमालकांनी हे स्वतःशी कबूल करावं असं मला वाटतं.

मी तंजावरात पिकअप चालवतो. वडील खानापूर तालुक्यातून गलाईच्या धंद्यासाठी इकडे आले. विटा, खानापूर, आटपाडी भागातली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पसरली आहेत, तमिळनाडूत तर गावोगावी सापडतील. भट्टी भावाने धरली, मी स्टिअरिंग धरलं. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ. भात, केळी, पट्टुकोट्टैकडचे नारळ, लग्नाच्या मांडवाचं सामान, जे भाडं मिळेल ते.

कावेरीच्या या खोऱ्यात चढ नाहीत. जमीन तळहातासारखी सपाट. त्यामुळे बाहेरच्या माणसाला वाटतं, इथे क्लचला काय त्रास? त्याने एकदा तंजावरहून तिरुवैयारूला माल घेऊन जावं. जेमतेम तेरा किलोमीटरचा रस्ता, पण वाटेत वडवारू, वेण्णारू, वेट्टारू, कुडमुरुट्टी आणि मग कावेरी अशा पाच नद्या लागतात. पुलाच्या तोंडाशी बस, बैलगाडी, मोपेड, ट्रॅक्टर सगळे एकत्र येतात. जानेवारीच्या सुमारास त्यागराज आराधना असते तेव्हा तर रस्ता मुंगीच्या पावलांनी सरकतो, आणि नेमका तोच सांबा भाताच्या कापणीचा हंगाम. सरकारी खरेदी केंद्रावर ४० किलोची पोती घेऊन रांगेत उभं राहायचं आणि दर काही मिनिटांनी गाडी एक गाडीभर पुढे घ्यायची. दिवसभरात क्लच किती वेळा दाबला जातो याचा हिशेब कुणी ठेवत नाही. घाटात क्लच जळतो हे सगळ्यांना माहीत आहे, रांगेत तो हळूहळू मरतो हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं.

अशाच एका रांगेत माझ्या पिकअपने त्रास द्यायला सुरुवात केली. सकाळी गाडी ठीक. ऊन चढलं की मात्र पाय सोडला तरी गाडी लगेच पकड घेईना. इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी जागच्या जागी. थोडा वेळ थांबलं की आपोआप ओढायला लागायची. एका वर्कशॉपने ऐकलं आणि चालवूनही न बघता निकाल दिला की प्लेट घसरते आहे, सेट बदलावा लागेल. गिअरबॉक्स उतरला, सेट बदलला, पैसे गेले. मी जुना माल मागून घेतला. ती जुनी प्लेट अजून माझ्याकडे आहे. तिच्या अस्तरात रिव्हेटची डोकी चांगली खोल आहेत, म्हणजे अस्तर झिजलेलंच नव्हतं. फ्लायव्हीलकडच्या बाजूला निळसर डाग नाहीत, जळका वास नाही. प्लेट धडधाकट होती. पुढच्याच फेरीला, ऊन चढल्यावर, गाडी परत तशीच ओरडायला लागली.

नागपट्टिणम रस्त्यावर एक म्हातारे मेकॅनिक आहेत. मी त्यांना अण्णे म्हणतो, ते मला तंबी म्हणतात. त्यांनी गाडीला हात लावायच्या आधी प्रश्न विचारले. सकाळी होतं का दुपारी? पेडल वर येतं का खालीच राहतं? गिअर करकरतो का नुसती ओढ जाते? थांबल्यावर बरं होतं का? शेवटच्या प्रश्नाला मी हो म्हटलं तेव्हा ते म्हणाले, “थांबल्यावर बरी होते तर प्लेट नाही. झिजलेली प्लेट थांबल्याने परत जाड होत नाही.” मला इंजिन चालू ठेवून क्लच परत परत दाबत राहायला सांगितलं, अगदी रांगेत दाबतो तसा, गाडी ओढ सोडेपर्यंत. ओढ गेली तसं इंजिन बंद करायला लावलं, चाकांना दगड लावले आणि गोणपाट अंथरून ते खाली गेले.

यापुढे त्यांनी जे केलं ते सविस्तर लिहितो, कारण ते कुणालाही करून घेता येईल. हायड्रॉलिक क्लचमध्ये पेडल दाबलं की मास्टर सिलेंडर तेल ढकलतो. ते तेल आधी लोखंडी नळीतून आणि शेवटी एका रबरी होजमधून गिअरबॉक्सपाशी बसवलेल्या स्लेव्ह सिलेंडरकडे जातं. स्लेव्हचा रॉड फोर्क ढकलतो, फोर्क बेअरिंग ढकलतो, प्लेट सुटते. पाय काढला की प्रेशर प्लेटची स्प्रिंग हे सगळं उलट ढकलते आणि तेल परत वर जातं. आता गाडी ओढ घेत नाही याचा अर्थ कुठेतरी काहीतरी परत येत नाहीये. अण्णेंनी आधी फोर्क बघितला. तो ढकललेल्या जागीच होता. मग वरची, मास्टरजवळची नळी अर्धा आटा सैल केली. तिथून तेल नुसतं ओघळलं, फोर्क हलला नाही. म्हणजे मास्टर दाब धरून ठेवत नव्हता. नळी घट्ट केली आणि खाली स्लेव्हचं ब्लीडिंग निप्पल सैल केलं. काळंकुट्ट तेल पिचकारीसारखं उडालं आणि फोर्क ‘खट्’ करून जागेवर आला. तो आवाज मी केबिनमध्ये बसून ऐकला. वर सोडलं तर सुटत नाही, खाली सोडलं तर सुटतं, मग अडथळा मधे आहे. आणि मधे काय, तर तेवढा वीतभर रबरी होज. बाहेरून ठणठणीत दिसत होता. कापला तर आतून फुगून भोक सुईएवढं झालेलं. पाय जोर लावून तेल आत ढकलत होता, स्प्रिंगला ते परत ढकलायला वेळ लागत होता. उन्हाने रबर आणखी फुगायचं, म्हणून दुपारचा त्रास. होज काहीशे रुपयांचा. निप्पल सोडलं तरी फोर्क आला नसता तर दोष यांत्रिक असता, म्हणजे फोर्क, बेअरिंग, आतला दांडा. तेव्हा गिअरबॉक्स उतरवणं योग्यच ठरलं असतं. उतरवायला माझी हरकत नाही. कारण न सांगता उतरवायला आहे.

काही नव्या गाड्यांत स्लेव्ह सिलेंडर आत, बेअरिंगला लागूनच असतो. तिथे फोर्क दिसत नाही आणि बाहेरून इतकं स्पष्ट कळत नाही. पण वरची नळी सोडून बघता येतं, तेलाचा रंग बघता येतो, पेडलचा प्ले मोजता येतो. एवढं तरी करायला काय हरकत आहे?

क्लच अडकण्याच्या तक्रारी एकसारख्या वाटतात पण त्या एक नसतात. पेडल खालीच चिकटून राहतं ही एक गोष्ट. पेडल वर येतं पण गिअर पडत नाही, रिव्हर्स करकरतो, ही दुसरी. आणि माझ्यासारखी ओढ उशिरा येणं ही तिसरी. पेडल खाली राहिलं तर सगळ्यात आधी पायाखाली बघा. काथ्याची जाड मॅट पेडलच्या मुळाशी सरकून अडकलेली मी स्वतः ओढून काढली आहे, आणि तो ड्रायव्हर क्लचचं काम काढायला निघाला होता. मॅट नसेल तर पेडलचा पिन गंजला आहे का, रिटर्न स्प्रिंग तुटली आहे का, तेलाची बाटली रिकामी आहे का, हे बघायला पैसे पडत नाहीत. पेडल दोन-तीनदा पंप केल्यावर गिअर पडायला लागला तर लाइनमध्ये हवा आहे किंवा कुठेतरी गळती आहे. केबिनमध्ये पेडलच्या वर, मास्टरच्या मागे बोट फिरवून ओल लागते का पाहा. ओल लागली तर मास्टरचं किट गेलं.

गिअर पडत नसेल तर इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून पाहा. बंद असताना लोण्यासारखे पडतात आणि चालू केलं की करकरतात, तर गिअरबॉक्स निर्दोष आहे, क्लच पूर्ण सुटत नाहीये. बंद असतानाही अडत असतील तर लिव्हर, केबल किंवा गिअरबॉक्सकडे वळा. एवढ्या एका चाचणीने कितीतरी गाड्यांची चुकीची शस्त्रक्रिया टळेल. छोट्या गाड्यांत केबलचा क्लच असतो. तिथे केबलच्या तारा टोकाशी तुटून बाहेरच्या आवरणात अडकतात. पेडल खरखरत खाली जातं आणि जड लागतं. ते हातालाच कळतं.

तेलाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण तिथे सगळ्यात मोठा घोळ होतो. क्लचच्या बाटलीत ब्रेकचंच तेल लागतं, डॉट ३ किंवा डॉट ४, कंपनीने झाकणावर लिहिलेलं. हे तेल हवेतली ओल शोषून घेतं. कावेरीच्या काठी, ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस कोसळतो तेव्हा हवेतच पाणी असतं. त्यातून तेल काळं होतं, आतून गंज धरतो, रबर खराब होतं. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते पूर्ण बदलावं. आणि कुणी रस्त्यात अडल्यावर हाताशी आहे म्हणून त्यात इंजिन ऑइल ओतलं, तर आतली रबरं फुगतात आणि क्लच खरंच अडकतो. तेव्हा एक बाटली नव्हे, मास्टर, स्लेव्ह, होज सगळं बदलावं लागतं. खरेदी केंद्राच्या रांगेत मदत करायच्या चांगल्या हेतूने हे होताना मी पाहिलं आहे आणि हात धरून थांबवलं आहे.

आणखी एक प्रकार सांगली-कोल्हापूरच्या वाचकांना माहीत असेल. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुरात गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. तशा किंवा नुसत्या ओलीत महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीची प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. पेडल अगदी व्यवस्थित, तेल व्यवस्थित, तरी क्लच सुटत नाही. इथे वादळानंतर असं होतं. जाणता मेस्त्री आधी इंजिन तापवतो, मग मोकळ्या जागी, पुढे-मागे माणूस नसताना, गाडी गिअरमध्ये ठेवून क्लच दाबून स्टार्टर मारतो आणि झटक्याने प्लेट सोडवतो. हे घराच्या अंगणात, भिंतीसमोर करायचं काम नाही, माहीतगार माणूस बरोबर हवाच. पण बऱ्याच वेळा सुटते. ज्याने न बघता सेट बदलला त्याने चांगली प्लेट भंगारात घातली.

मग मेस्त्री बघत का नाहीत? माझ्या ओळखीचे बहुतेक मेस्त्री कामात कच्चे नाहीत. त्यांना हे सगळं येतं. पण अण्णेंनी माझ्या गाडीखाली तासभर घालवला, होज बदलला, तेल भरलं, हवा काढली, आणि बिल झालं ते होजच्या किमतीपेक्षा थोडंसं जास्त. त्याच तासात त्यांनी ‘सेट गेला’ म्हटलं असतं तर पार्टवरचं कमिशन आणि गिअरबॉक्सची मजुरी मिळाली असती. खरं शोधणाऱ्याला कमी आणि न शोधणाऱ्याला जास्त, असा दर आपणच लावून ठेवला आहे. मेस्त्रीने ‘बघण्याचे पाचशे’ म्हटले की आपण म्हणतो, “केलंच काय, नुसतं बघितलंत.” तेच आपण न विचारता आठ-दहा हजारांचा सेट घालून घेतो, कारण हातात डबा आणि पावती मिळते. अण्णेंना मी तासाचे वेगळे पैसे दिले. ते आधी घेईनात.

माझ्या वडिलांच्या धंद्यात हे कधी नव्हतं. सोनं गाळायच्या आधी त्याचा कस बघायचा, आणि कस बघण्याचे पैसे सराफ बिनतक्रार द्यायचा. दागिन्यात तांबं किती निघालं हे कळण्यालाच किंमत होती, मग पुढे सोनं गाळा अगर नका गाळू. हाच हक्क गाडी तपासणाऱ्याला मिळाला पाहिजे, असं मी ठामपणे म्हणतो.

तंजावरच्या मराठी माणसाला याहून मोठा दाखला घरातच आहे. दुसरे सरफोजी महाराज १७९८ ते १८३२ या काळात इथल्या गादीवर होते. सरस्वती महाल ग्रंथालय ज्यांच्या नावाने ओळखलं जातं तेच. त्यांनी धन्वंतरी महाल काढला, आणि डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी ठेवल्या. त्या नोंदी ग्रंथालयात आजही आहेत, आजारी डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह. रुग्ण कोण, त्रास काय, डोळा कसा दिसतो, हे आधी कागदावर उतरलं. औषध मग. दोनशे वर्षांपूर्वी याच गावात, मराठी राजाच्या पदरी, हे शिस्तीने झालं. आणि आज त्याच गावातल्या वर्कशॉपच्या जॉबकार्डावर तक्रारीच्या रकान्यात फक्त ‘क्लच’ एवढाच शब्द असतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं. रकाना आहे, पेन आहे, लिहायला एक मिनिट लागतं. ‘ऊन चढल्यावर ओढ उशिरा, थांबल्यावर बरी’ एवढं लिहिलं असतं तर माझा सेट वाचला असता, कारण ते वाचून कुठलाही जाणता मेस्त्री थबकला असता.

कंपन्यांकडेही माझी एक मागणी आहे. टाटा आणि महिंद्रा यांची मुख्यालयं मुंबईत, अशोक लेलँडचं चेन्नईत. या देशात पिकअप आणि छोटे मालट्रक बनवणारी मोठी नावं महाराष्ट्राची आणि तमिळनाडूची आहेत. तेव्हा गाडीच्या पुस्तिकेत मराठीत आणि तमिळमध्ये, क्लच अडकला तर काय क्रमाने बघावं याचं एक पान द्यायला जड जाऊ नये. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. ज्या चार क्षेत्रांवर भर द्यायचं ठरलं त्यात वाहनंही आहेत आणि शेतीची अवजारंही. पुढे त्यासाठी पोर्टलही आलं. त्यात सुट्या भागांची आणि माहितीपुस्तिकांची चर्चा होते, ती हवीच. पण माझ्यासारख्याला आधी हवं आहे ते निदान. सुटा भाग कुठला घ्यायचा हेच ठाऊक नसेल तर तो सहज मिळून काय उपयोग? आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शिकणाऱ्या पोरांना गिअरबॉक्स उतरवायला शिकवतात. गाडी सुरू करायच्या आधी ड्रायव्हरला कोणते प्रश्न विचारायचे, याचीही परीक्षा घ्या.

यावर गाडीवाले एक हरकत घेतात आणि ती खोटी नाही. केळीचे घड गाडीत असतात, भात भिजायच्या बेतात असतं, कुंभकोणमचा व्यापारी फोनवर फोन करत असतो. तपासायला वेळ कुणाला आहे? सेट बदला आणि मोकळे व्हा. पण गिअरबॉक्स उतरवून सेट बदलायला अख्खा दिवस जातो, आणि वर सांगितलेल्या सगळ्या चाचण्या एका तासात होतात. माझ्या बाबतीत तो दिवस गेला आणि दुखणं तसंच राहिलं. शिवाय पैशांपेक्षा मोठी गोष्ट आहे. रांगेत दोन गाड्यांच्या मधे हमाल उभे असतात, पोती उतरवत. क्लच सुटत नाही हे गिअर टाकताना कळलं तर गाडी एक फूट पुढे उडी मारते. तो एक फूट कुणाच्या तरी गुडघ्याएवढा असतो. अडकणारा क्लच घेऊन रांगेत जाणं थांबवा, भाडं गेलं तरी चालेल.

तेव्हा वाचणाऱ्या गाडीमालकांना माझी विनंती आहे. गाडी वर्कशॉपला देताना तक्रार तुमच्या शब्दांत, सविस्तर, जॉबकार्डावर लिहून घ्या. तपासणीचे पैसे आधीच वेगळे ठरवा आणि कारण सापडल्यावर ते हसत द्या, काम तिथे केलंत नाही केलंत तरी. जुना माल परत मागा आणि अस्तरातले रिव्हेट स्वतः बघा. आणि कुणी गिअरबॉक्स उतरवायला पाना हातात घेतला, तर त्याला ‘कशावरून?’ एवढं विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत गाडीची किल्ली खिशातच ठेवा.